परदेशाची रंगीत तालीम

आमच्या सेनगावात एकट्याने चहा पिणारा माणूस दिसला की लोक विचारतात, घरी काही बिनसलं का. त्यात मी एस.टी.चा कंडक्टर. हिंगोली-सेनगाव-साखरा या रस्त्यावर माझी उभी नोकरी गेली. इकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि निवृत्त झालो तरी गावासाठी मी मास्तरच आहे. कुणाची लेक कुठे दिलीय, कोण रुसून पुण्याला गेलाय, कुणाची म्हैस आटलीय, हे मला तिकिटं फाडता फाडता कळायचं आणि पुढच्या थांब्याला मी ते सांगून टाकायचो. बोलणं हा मला आजार आहे, असं बायको म्हणते. मी त्याला लोकसंपर्क म्हणतो.

अशा माणसाला मुलीने फोनवर विचारलं, "बा, तुमी आन् याडी कायमचे इकडं येता का?"

याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. मुलगी न्यूझीलंडमध्ये नर्स आहे. साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यातून विमानात बसलेली पहिली मुलगी. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्यांदा ऐकवलंय की तांड्यातली लेकरं माझ्या आवाजात ते म्हणून दाखवतात. म्हणू देत. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामुलुखांत हिंडले. पुढे तो व्यापार गेला, बैल गेले आणि आम्ही कोरडवाहू जमिनीला धरून बसलो. त्यानंतर आमच्यातलं कुणी एवढ्या लांबच्या वाटेला लागलं असेल तर ते माझं लेकरू. त्याचा अभिमान मी कशाला लपवू?

तिने तिथल्या सरकारकडे आमच्यासाठी अर्ज केला होता आणि त्यात नंबर लागला होता. होय की नाही, ते दिवाळीपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा नंबर कधी लागेल याचा भरवसा नव्हता.

मी तो प्रश्न घेऊन सरळ बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो. हॉटेल माझ्या दोस्ताचं. त्याच्या आजोबांनी तिथे चहाची भट्टी मांडली, ती अजून विझलेली नाही. ड्युटी संपली की मी पहिला त्याच्याकडे आणि मग घरी, हा क्रम कधी चुकला नाही. त्याने कप ठेवला आणि लगेच निकाल दिला. "काहून जातो रे? तकलीफ काय हाय तुला इथं?"

दुसऱ्या बाकावर निवृत्त गुरुजी होते. ते जाण्याच्या बाजूचे. तिथे दवाखाने चांगले, हवा स्वच्छ, म्हातारपणात लेक जवळ, शिवाय लेक नर्स. याहून माणसाला काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बियाण्याच्या दुकानवाल्याने थंडी काढली, माझे गुडघे काढले, तीन एकर रान कोण बघणार ते काढलं. कुणीतरी म्हणालं, तिथे लाइट जात नाही. मग माझा दोस्त म्हणाला, "लाइट राहील बराबर. पन त्या उजेडात ह्यो बोलंल कुनासंग?"

असं पंधरवडाभर चाललं. दुपारी लाइट गेली की मला न्यूझीलंड बरं वाटे. संध्याकाळी रस्त्यात चार जणांनी "मास्तर, या" म्हटलं की सेनगाव बरं वाटे. गुडघा ठणकला की पुन्हा न्यूझीलंड. मुलगी विचारायची, "बा, ठरलं का?" आणि मी तिला हॉटेलातल्या सगळ्यांची मतं सांगायचो. ती बिचारी ऐकून घ्यायची.

माझी बायको कमी बोलते. लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याचं बोलणंही मीच वापरतो. घरात आम्ही अर्धी गोरबोली, अर्धी मराठी बोलतो, म्हणजे मी बोलतो. एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "समद्या गावाला इचारून झालं असंल तर एक सांगू का? आधी तालीम करू."

"कशाची?"

"परदेशाची. इथंच, ह्याच घरात. म्हैनाभर तिथल्यासारखं राहून बघू. जमलं तर जाऊ. तिथं जाऊन रडन्यापरीस इथं रडलेलं बरं."

मला ही कल्पना एवढी आवडली की ती माझीच होती असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. तिने मुलीला फोन करून तिथला दिवस कसा असतो ते नीट विचारून घेतलं आणि कायदे केले. मुलगी सकाळी ड्युटीला जाणार, संध्याकाळी येणार. तोवर घरात आम्ही दोघंच. दार बंद ठेवायचं. कुणी आलं तर आधी फोन करून या म्हणायचं. पण तिथे दिवस असतो तेव्हा आपल्याकडचे लोक झोपलेले असतात, म्हणून दिवसभर फोन बंद. आपली थाळी आपण धुवायची. स्वयंपाक आळीपाळीने. आणि फिरायला एकेकट्याने जायचं. रस्त्यात माणूस भेटला तर थांबायचं नाही. तिथे लोक नुसतं हसतात आणि पुढे जातात.

"आन् कुनाला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमी सांगितलं का हॉटेलच इथं उठून येईल."

पहिल्या दिवशी माझी भाकरी तव्यावर अशी काही फुटली की तिने तोंडाला पदर लावला. तरी मी नेटाने खाल्ली. मग बूट घालून रिसोड रस्त्याला फिरायला निघालो. पुसेगावचा ओळखीचा एक जण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "मास्तर, कुठं निघाले? बसा, सोडतो." मी त्याच्याकडे बघून हसलो आणि पुढे गेलो. त्याने मागून पुन्हा विचारलं. मी वळून पुन्हा हसलो. पुढे दूधवाला, मग तलाठ्याचा भाऊ, मग माझ्याच डेपोचा एक ड्रायव्हर. सगळ्यांना माझं हसू मिळालं. पोटात शब्द नुसते उसळत होते. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, तिथले लोक आतून किती तुंबत असतील.

असे काही दिवस गेले. बायको मात्र मजेत होती. दुपारी दार लावून झोपायची, उठली की चहा करून खिडकीत बसायची, ऊन उतरलं की आपली आपण फिरून यायची. कुठे गेली होती ते सांगायची नाही. मी विचारलं की म्हणायची, "तिथं असं इचारत न्हाईत."

इकडे गावात काय शिजत होतं याचा मला पत्ता नव्हता. ज्या माणसाच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही तो रस्त्याने बोलत नाही, नुसता हसतो. हॉटेलात येत नाही. फोन बंद. दार वाजवलं की आतून बायको म्हणते, फोन करून या. याचा अर्थ काय? मास्तरला झटका आला. वाचा गेली. बायको लोकांना कळू देत नाही.

एका सकाळी बाहेर गलका ऐकू आला. मी खिडकीची फट करून बघितलं तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तांड्यावरून जीप भरून आली होती. साखऱ्याची माणसं होती, पुसेगावची होती. कुणी केळी आणली होती, कुणी शहाळं, कुणी अंगारा. ज्या म्हातारीला मी एकदा सुट्या पैशांवरून भर गाडीत बोललो होतो, तीसुद्धा काठी टेकत आली होती. पुढे माझा हॉटेलवाला दोस्त. भर सकाळी गल्ला सोडून आला होता. खिडकी हलली तसा तो गजांना धरून उभा राहिला. डोळे भरलेले.

"बोल ना रे," तो म्हणाला. "एकदा बोल. पाहिजे तर शिवी दे, पन बोल."

मी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे नको. पण माझ्याने राहवलं नाही. मी शिवी दिली. चांगली खणखणीत दिली, स्टँडच्या गेटपर्यंत जाईल अशी.

अंगणात एकच ओरडा झाला. म्हातारी हसता हसता रडायला लागली. दोस्ताने मला दारातच मिठी मारली आणि मग खरी हकीकत कळल्यावर माझ्यापेक्षा दुप्पट शिव्या दिल्या. त्या दिवशी मी जेवढा बोललो तेवढा नोकरीतही कधी बोललो नसेन. साधा कंडक्टर मी. ना मला पद, ना माझ्याकडे पैसा. तरी माझा आवाज बंद झाला म्हणून एवढी माणसं कामधंदा सोडून आली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आजही आठवलं की ऊर भरून येतो.

संध्याकाळी शेवटचा माणूस गेला तशी मी बायकोला म्हणालो, "ठरलं बग. आपन जायचं न्हाई. ही मानसं सोडून काय करायचं तिथं?"

ती मोरीत कपबशा धूत होती. सकाळपासून आलेल्या सगळ्यांना तिने चहा केला होता.

"तुमी नका जाऊ," ती म्हणाली. "मी जाते."

मला वाटलं ती थट्टा करतेय. ती हात पुसून समोर येऊन बसली.

"अवो, ही समदी मानसं तुमची हायत. चांगली हायत. पन एवढे आले, त्यातल्या एकानं तरी इचारलं का, तू कशी हायस म्हून? मला राग न्हाई त्याचा. मला तिथं कुनी वळखत न्हाई, मला तेच पाहिजे. ह्या दिवसांत मी दुपारी झोपून उठले, तर घरात कुनी आलेलं न्हवतं, कुनाचा चहा टाकायचा न्हवता. मला लई बरं वाटलं. तवाच ठरलं माझं."

"आन् मी?"

"तुमाला भाकरी येती आता."

मी चिडलो. खोटं कशाला सांगू, चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही, आणि माझं न बोलणं म्हणजे केवढी शिक्षा ते गावाने पाहिलेलंच आहे. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. ती सकाळी फिरून यायची, आपली थाळी धुवायची. ती तालीम परदेशाची नसून मला मागे एकटं राहता यावं म्हणून तर तिने मांडली नव्हती ना, अशी शंका मला आली. विचारलं तर हसली फक्त.

पाचव्या दिवशी मी भाकरी केली. गोल झाली, फुगलीसुद्धा. तिच्या ताटात वाढली आणि विचारलं, "थंडीसाठी स्वेटर इथून घ्यायचा का तिथं मिळतो?" मनातून राग गेला नव्हता. पण आम्ही हॉटेलात पंधरवडाभर काथ्याकूट केला, थंडी, लाइट, गुडघे, जमीन, आणि तो सगळा माझाच हिशेब होता. तिने एका शब्दाने कुणाला न विचारता स्वतःचा काढला होता. चौथीपर्यंत शिकलेली, जीपने हिंगोलीला जायचं तरी मला सोबत घेणारी बाई. तिची ही हिंमत बघून मी मनातून हललो.

मुलीने आईच्या एकटीचा अर्ज पुढे नेला. कागद झाले, चष्मा नवा झाला. ती मुलीकडून फोनवर इंग्रजी शिकायची आणि मला ते येत नाही म्हणून खूश व्हायची. येणं-जाणं राहील, असं ती म्हणाली. किती, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हैदराबादच्या विमानतळाला जायला गाडी केली होती. ती घरासमोरून निघणार होती, पण मी हट्टाने स्टँडवर बोलावली. माझ्या माणसांसमोरून बायको जावी, असं मला वाटत होतं. सगळे आले. या वेळी लोक माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. तिने नवीन बूट घातले होते, वर साडी. बाया भोवती गोळा झाल्या.

"लेकीचं बाळंतपन हाय का?" एकीने विचारलं.

"न्हाई."

"मग आजारी हाय का लेक? तिला एकटीला जमत नसंल."

"तिला काय बी झालं न्हाई. तिचं समदं बेस हाय," बायको म्हणाली. "मी माझ्यासाठी चालले."

मग तांड्याच्या एका म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि वाट करून दिली. बायको गाडीत बसली. विमानतळापर्यंत सोडायला मी तिच्या शेजारी बसायला निघालो तेवढ्यात दोस्ताने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "आन् तू परवानगी दिली?"

त्याने हळू विचारलं होतं. मी हळू सांगितलं नाही. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणालो, "तिनं मागितलीच न्हाई."