काडी भाईर, मी आत

आमच्या दुकानाची पायरी चढण्याआधी आप्पा समोरच्या चहावाल्याकडे जायचे, कोपरीच्या खिशातून काडेपेटी काढून त्याच्या फळीवर ठेवायचे आणि मग रस्ता ओलांडून यायचे. आत आले की दोन्ही हात उघडे करून दाखवायचे. "काडी भाईर, मी आत." मी कितीदा सांगितलं, आप्पा, दारू मागच्या खोलीत लोखंडी पेटीत असते, तुमच्या खिशातल्या काडीने काही होत नाही. ते मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच करायचे.

दारू म्हणजे बंदुकीची, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर सोलापुरात दुकान आहे आणि दारू विकतो म्हटलं की माणसं भलत्याच आशेने बघायला लागतात. आजोबांच्या काळापासून आम्ही परवाना असलेल्यांना बंदुकीचं सामान विकतो. ठासणीच्या बंदुकीचे शेतकरी पूर्वी आठवड्याला चार-पाच यायचे, आता महिन्याला एखादा. तुम्ही ठासणीची बंदूक पाहिली नसेल. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधी घालायची, गजाने ठासायची, तेव्हा कुठे एक बार निघतो. दुसरा काढायचा तर सगळं पहिल्यापासून. रानडुक्कर तोवर शेजारच्या गावात पोचलेलं असतं.

आप्पा मैंदर्गीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. शाळा कानडीत झालेली. मराठी बोलायचे झकास, पण वाचायला आलं की चष्मा विसरायचे. सही कानडीत करायचे, गोल गोल अक्षरं, एकेक सावकाश काढत. परवाना पिकाच्या राखणीचा होता, पण त्यांनी कधी काही मारलेलं मला माहीत नाही. "वाजलं की पळतंय की. मारायचं कशाला?" त्यांना बंदूक हवी होती ती वर्षातून एका दिवसासाठी. गावच्या जत्रेला पालखी उठायची ती त्यांच्या घरच्या बारावर. वडिलांनी काढला, त्याआधी आजोबांनी. "आमचा बार झाल्याबिगर देव उठत न्हाय," असं ते सांगायचे, आणि त्यात बढाई नसायची. एसटी किती वाजता सुटते हे आपण सांगतो, तसं सांगायचे.

एसटीवरून आठवलं. दारू एसटीतून न्यायची नाही असा नियम आहे. बाकीची मंडळी पिठाच्या डब्यात घालून नेत असणार, मी कधी विचारलं नाही. आप्पांनी पहिल्या वर्षी सरळ कंडक्टरलाच विचारलं, बंदुकीची दारू हाय, बसू का? कंडक्टरने त्यांना उतरवलं, आणि ड्रायव्हर स्वतःही उतरून लांब जाऊन उभा राहिला. त्यानंतर आप्पा मोपेडवरून यायला लागले. पहाटे निघायचे आणि दुपारच्या आत परत.

परवान्यावर दारूचे दोन आकडे असतात. वर्षात किती घ्यायची हा एक, आणि एका वेळी जवळ किती ठेवायची हा दुसरा. मी तराजूत दारू घालायला लागलो की आप्पा थोड्यातच हात वर करायचे. "साकु, मालक." साकु म्हणजे कानडीत पुरे. मी ऐकायचो नाही. हा माल कुरियरने येत नाही, ट्रान्सपोर्टवाले हात लावत नाहीत. खास परवानगीची गाडी येते तेव्हाच येतो, आणि ती कधी येईल ते कारखान्यालाही ठाऊक नसतं. म्हणून मी म्हणायचो, आप्पा, साकु काय करता, वर्षाची पूर्ण घेऊन ठेवा, पुढच्या जत्रेला मिळाली नाही तर देव बसून राहील. देवाचं नाव काढलं की ते हात खाली करायचे आणि पूर्ण घ्यायचे.

विकताना एक फॉर्म भरावा लागतो, त्याची एक प्रत ठाण्यात जाते. त्यात एक रकाना असतो, पूर्वीची शिल्लक. तिथे मी सगळ्यांचंच 'नाही' लिहायचो. विचारत नव्हतो. वर्षानुवर्षं हात तसाच चालत आला होता. आप्पा खाली गोल सही करायचे.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करतात. त्या वर्षी आप्पाही घेऊन गेले. पण जाताना त्यांनी विचार केला, बंदूक जमा करायची तर दारू घरात कशाला? म्हणून तीही घेऊन गेले, सगळी. दरवर्षीची वेगळी पुडी, वर कानडीत सालाची चिठ्ठी. एका बाराला लागते ती कितीशी? माझ्या आग्रहाने घेतलेली बाकीची ते जपून ठेवत आले होते. ठाण्यात वजन झालं. दुसऱ्या आकड्याच्या कितीतरी वर गेलं. मग फॉर्म निघाले, आणि प्रत्येकावर 'शिल्लक नाही' आणि खाली त्यांची सही. साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? आप्पा म्हणाले, "सही माजी हाय."

हे मला साहेबांकडूनच कळलं, कारण ते दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन दुकानात आले. मलाही तेच विचारलं. मी म्हणालो, माहिती गिऱ्हाईक देतं, सही त्याची असते. त्यात खोटं काही नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरी गोष्ट एवढीच की मला दुकानाची भीती वाटली. आजोबांचा परवाना माझ्या हातून जाईल, हेच डोक्यात होतं. साहेब चहा घेऊन गेले. आप्पांचा परवाना रद्द झाला.

महिन्याभराने आप्पा आले. काडेपेटी समोरच्या फळीवर ठेवून आले, घ्यायचं काही नव्हतं तरी. वर अपील करायचं, अर्ज लिहून द्या म्हणाले. मी लिहिला. वृद्धापकाळामुळे व मराठी वाचता येत नसल्याने माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, वगैरे. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला.

"अनवधान म्हंजी चूक माजीच, व्हय?"

मी व्हय म्हणालो. आणखी एक ओळ घालू का, असंही विचारलं. काय घालणार होतो, देव जाणे. आप्पांनी नेहमीसारखा हात वर केला. "साकु, मालक. तुमचं दुकान ऱ्हाऊ दे. पालखी फटाक्यावर बी उटंल." आणि सही केली, तशीच सावकाश.

त्या वर्षी पालखी सुतळी बॉम्बवर उठली. आप्पा देवळाकडे गेले नाहीत, घरी बसून राहिले. पुढची जत्रा त्यांनी पाहिली नाही.

अपिलाचं उत्तर त्यानंतर आलं. त्यांचा मुलगा कागद घेऊन दुकानात आला, बंदुकीचं पुढे काय करायचं विचारायला. अपील फेटाळलं होतं. कारण एकाच ओळीत होतं, अर्जदाराने स्वतःची चूक लेखी मान्य केलेली आहे.

मुलाने विचारलं, आप्पांनी खरंच असं लिहून दिलं होतं का? मी म्हणालो, मी लिहिलं. फॉर्मवरचं 'नाही' पण मीच लिहिलं होतं, त्यांना एकदाही न विचारता. इतकी वर्षं आणि दोन सरकारी कागद झाल्यावर हे माझ्या तोंडून निघालं, तेही ज्याला सांगायला हवं होतं तो नसताना.

त्याने कागद परत घेतला. मग म्हणाला, "आप्पा तर मरस्तवर सांगत हुते, दुकानदारानं अर्ज लिवून दिला, लई मदत केली म्हणून."

त्याने कागदाची घडी केली आणि निघाला. रस्ता ओलांडून समोरच्या चहावाल्याकडे गेला, आणि फळीवर ठेवलेला स्वतःचा लायटर उचलून खिशात टाकला.