कोरी चिठ्ठी आणि शून्य

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्याला सांगून काय झालं असतं? तो म्हणाला असता, जाऊ दे, सगळेच करतात. सगळेच करतात हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर मला आम्हा सगळ्यांची किळस येते.

तुम्हाला सांगते. पण डोळे पुसायला रुमाल वगैरे काढू नका. रडत रडत चूक कबूल करणारी माणसं मला कधी आवडली नाहीत – चुकीचाही मान हवा असतो त्यांना.

माझं काम कारकुनीचं. तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरात डॉक्टर बॅटरी लावून तोंड पाहतात, चिठ्ठीवर खूण करतात. शेवटच्या टेबलावर मी. चिठ्ठीवरून नोंदीत आकडा टाकायचा आणि छापील कागद हातात द्यायचा. शून्य म्हणजे तोंड पाहिलं, दोष नाही. एक म्हणजे पांढरा चट्टा. दोन म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवा. आणि नऊ म्हणजे तपासणी झालीच नाही.

नऊ कोणालाच नको असतो. नऊ टाकला की कारण लिहा, त्या माणसाला पुन्हा बोलवा, वरून विचारणा आली की उत्तर द्या. माझी नोंद कधीच परत आली नाही. एकदाही नाही. त्याचा मला केवढा तोरा होता! अकोल्याला नव्या मुलींना शिकवायला मलाच बोलवायचे. मी फळ्यासमोर उभी राहून सांगायची – जे पाहिलं तेच लिहा. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तर, मोर्शीकडचं एक गाव. शाळेच्या वऱ्हांड्यात शिबिर. रांगेत वच्छलाबाई होत्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या, चाळिशीच्या आतबाहेर. त्यांच्यामागे दोन माणसं सोडून त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांपुढे बाई पदरही ढळू देत नाही, तिथे जबडा वासून जीभ बाहेर कशी काढणार? डॉक्टर दोनदा म्हणाले, "उघडा हो बाई." तिसऱ्यांदा म्हणाले, "उखाणा नाही घ्यायचा, तोंड उघडायचं आहे." रांग हसली. भासरेही हसले. वच्छलाबाईंनी पदर आणखी घट्ट धरला. डॉक्टरांनी कोरी चिठ्ठी देऊन त्यांना पुढे ढकललं.

कोरी चिठ्ठी माझ्यासमोर आली आणि मी शून्य टाकलं. कागद छापून दिला. त्यावर आलं – 'दोष नाही'.

इथे थांबले असते तर ही नुसती आळशी बाईची गोष्ट झाली असती. पण मी अर्धंच सांगितलं. चिठ्ठी देताना त्या वाकून हळूच म्हणाल्या होत्या, "ताई, गालाच्या आतून लय चुरचुरते. तिखट सोसत नाई. तुमी त्या मांगच्या खोलीत पायता का?"

मागच्या खोलीची किल्ली कुठे होती? माझ्या टेबलावर. शिबिरात दुसरी डॉक्टरीण होती का? होती, चहा पीत बसली होती. मी काय म्हणाले? "पुढच्या शिबिरात दाखवा." आणि हे ऐकून घेतल्यावर – आधी नाही, नंतर – शून्य टाकलं.

दीड वर्षाने अमरावतीच्या दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर होते. वच्छलाबाई नवऱ्याबरोबर आल्या. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून माझा कागद काढला, नीट घडी घालून जपलेला.

"पाहा मॅडम, याच्यावर त साफ लिहून हाय, दोष नाही मनून. हे घरी रोज रडे. मी म्हटलं, कागद चांगला हाय, तू काहून नाटकं करून राहिली?"

म्हणजे दीड वर्ष ती बाई दुखतं म्हणत होती आणि घर तिला माझा कागद दाखवत होतं. तिचं तोंड खोटं, माझा आकडा खरा.

त्यांनी मला ओळखलं. "ताई, तुमीच होत्या ना?" शब्द नीट फुटत नव्हते. मी काय बोलले माहीत आहे? मी म्हणाले, "दातांना तंबाखूचं गुल लावणं सोडलं नाही ना तुम्ही?" भरल्या खिडकीवर, नवऱ्यादेखत. त्यांनी मान खाली घातली. नवरा म्हणाला, "आयकत नाई ना मॅडम." आणि मी दवाखान्याच्या नव्या नोंदीत स्वच्छ अक्षरात दोन टाकला.

वच्छलाबाई जिवंत आहेत. अर्धा जबडा काढला. आता पातळच खातात. तपासणीला येतात तेव्हा माझ्या खिडकीवर शेतातली वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवतात, कारण ताईने त्यांचे कागद पटापट करून दिले. वांगं त्यांना चाववत नाही. मी घरी नेते, भाजी करते, वर सांबार घालते. चवीला चांगली असतात.

नोंद दुरुस्त करता येते. जुना आकडा खोडायचा, नवा टाकायचा, खाली कारण आणि आपलं नाव लिहायचं. तो अधिकार आमच्या दवाखान्यात दोघांनाच आहे, त्यातली एक मी. मी त्या शिबिराचं पान कितीदा तरी उघडलं आहे. काल दुपारीही उघडलं होतं. शून्य तिथेच आहे.