रडायची परवानगी

नणंदेने वहिनीचं कौतुक केलं, की लोक धरून चालतात, हिचं काहीतरी काम अडलं असणार. खुशाल धरा.

माझी वहिनी चौदा वर्षं लहान मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत नर्स आहे. घरात तिचा आवाज तीन मजले ऐकू जातो, कढई आपटल्याशिवाय तिची भाजी होत नाही. तीच बाई आयसीयूत कपाटाचं दारसुद्धा दोन्ही हातांनी लावते.

माझ्या मुलीच्या हृदयातलं भोक ती आठ महिन्यांची असताना ऑपरेशनने बुजवलं. आम्ही उशीर केला होता. जास्तीचं रक्त इतके महिने फुफ्फुसांत घुसून तिथला दाब वाढून बसला होता. ऑपरेशन छान झालं.

"परीक्षा पुढेच आहे," वहिनी म्हणाली. "ती नुसती दचकली तरी हा दाब उसळेल. मग हृदयाला रक्त पुढे ढकलता येणार नाही."

म्हणून मुलीला श्वासाच्या नळीवर, औषधाने झोपवून ठेवलं होतं. पण बाळ रडलं म्हणजे ठीक आहे, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले आणि हळूच तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. एकदा तरी डोळे उघडू देत! तिच्या भुवया आक्रसल्या, पडद्यावरचा दाबाचा आकडा चढला, ओठ निळे पडले.

वहिनीने मला खांद्याने बाजूला सारलं. डॉक्टरांना हाक मारली, पिशवीने श्वास देऊ लागली, त्यांनी सांगितलेलं औषध सोडलं. आकडा उतरल्यावर पुटपुटली, "ताई, बाहेर बसा. मी बोलावेन तेव्हाच आत."

बाहेर मी दादापुढे तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दगडाच्या काळजाची म्हणाले. चूक माझी होती, म्हणून तोंड जास्तच सुटलं.

दाब पुरता उतरायला आणखी तीन दिवस लागले. मग नळी निघाली. आठव्या दिवशी मुलगी साध्या वॉर्डात आली, तरी मी तिला हात लावेना.

"करा आता गुदगुल्या," वहिनी म्हणाली.

मी बोट टेकवलं. मुलीने ओठ काढला आणि घोगऱ्या आवाजात भोकाड पसरलं. मी घाबरून तिला गप्प करायला गेले, तर वहिनीने माझा हात धरला. ओठ गुलाबीच होते.

"रडली गं बाई आपली!" वहिनी ओरडली, अगदी घरच्या आवाजात. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"माझी वहिनी आहे ही," कोणी विचारलं नव्हतं तरी मी प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगितलं.