वसुधा मावशींची नजर

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये ज्या मराठी घरात नवरा-बायको दोघंही ऑफिसला जातात, त्या घरातलं बाळ वसुधा मावशींकडे असतं. म्हणजे, असायचं. मावशी साताऱ्याच्या, एकसष्ट वर्षांच्या, एकट्या. बाळांशी त्या बोबडं बोलत नाहीत, तहसीलदाराशी बोलावं तसं बोलतात. "काय साहेब, आज दूध नको? बरं. आपली मर्जी." अबोलीताईचा वीर पाचव्या महिन्यापासून त्यांच्याकडे. मावशींचा अख्खा दिवस म्हणजे वीर.

वीरच्या पहिल्या वाढदिवसाला मावशींनी त्याला उचललं. "अगंबाई, केवढा गुटगुटीत झालाय!" बस, एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी वीरला ताप आला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, चार-पाच दिवस राहील. पण तिसऱ्याच दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष पद्मिनी काकू हजर.

"लिसन, मी सायंटिफिक माणूस आहे हं. पण दृष्ट काढायला काय हरकत आहे?"

मीठ, मोहरी, लाल मिरच्या वीरवरून ओवाळून तव्यावर टाकल्या. ठसका लागला तर काही नाही. ठसका लागला नाही, तर नजर जबरदस्त. आम्ही सात जणी नाकं वर करून उभ्या. कोणी खोकलं नाही.

"बाई गं," काकू पुटपुटल्या.

मी म्हटलं, "काकू, स्मोक अलार्म वाजू नये म्हणून तुम्हीच एक्झॉस्ट फुल लावलाय. आणि या मिरच्या नुसत्या रंगाच्या आहेत, पाकिटावर लिहिलंय."

"तुला फार कळतं ना? मोठ्यांमध्ये बोलू नये."

शेजारीच उभी माझी आई माझ्याकडे बघेना.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळ्यांना सगळं आठवलं. मावशी भेटून गेल्या आणि एकीचं दूध आटलं. दुसरीच्या मुलाला पुरळ उठलं. तिसरीचं विरजण लागलं नाही. बाहेर उणे दहा, कोणाचं लागतंय? पण हे लिहायची हिंमत कोणाची झाली नाही. माझीसुद्धा.

रविवारी मावशींना अबोलीताईकडे बोलावलं. काकूंचा आवाज साखरेत घोळलेला.

"मावशी, आम्ही मनात काही ठेवणार नाही. फक्त म्हणा, चुकून लागली असेल. संपलं! उद्यापासून वीर तुमच्याकडे."

"आणि नाही म्हटलं तर?"

अबोलीताईने वीरला आणखी घट्ट धरलं. त्याचा ताप उतरला होता, आणि तो मावशींकडे झेपावत होता.

"एकदा हो म्हटलं," मावशी म्हणाल्या, "की उद्या कुठलंही बाळ खोकलं तरी तुम्ही माझ्याच दारात."

"बरं, तुमची नाही. मग कोणाची?" काकू पुढे झुकल्या. "वाढदिवसाला नैना त्याच्याकडे सारखी बघत होती म्हणे?"

नैना गेल्याच महिन्यात नागपूरहून आलेली. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. सोफ्याच्या कडेला ती एकदम आखडली.

मावशींनी नुसती मान डोलावली असती तरी वीर परत मिळाला असता. त्यांनी वीरकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"नैनाने त्याला चेंडू दिला. मी एवढंच पाहिलं."

मग त्यांनी कोट चढवला, बूट घातले आणि गेल्या.

दार लागलं आणि वीरने भोकाड पसरलं. दाराकडे हात करून, श्वास अडकेपर्यंत.

"बघितलंत?" काकू म्हणाल्या. "जाता जातासुद्धा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग एकेक करून सगळ्या नैनाकडे बघायला लागल्या.