देव न मानणारे शिरपाकाका

ओल्या घोंगडीचा वास आला, की आमच्या झरी गावचं देऊळ आठवतं. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. दुपारी तिथं वडील पोथी वाचत आणि जन्ममरणाचा अर्थ सांगत. मेंढरं राखणारे शिरपाकाका अंगावरच्या घोंगडीसकट रोज येत आणि एका जागी न बसता वाद घालत, "देव न्हाईच!"

एकदा मी चिडून विचारलं, "मग येता कशाला?"

"पोरी, माझी लेक गेली. घरी समदे गप. तिचं नावबी कुणी काढत न्हाई. हितं तरी मरणावर बोलता तुमी."

वडिलांनी पोथी मिटली. मला मात्र शिरपाकाकांनी उत्तर टाळल्यासारखं वाटलं.

गेल्या साली माझा मुलगा गेला. देव मीही मानत नाही. तरी रोज देवळात जाते, आणि कुणी "देवाची इच्छा" म्हणालं, की भांडायला उठते.