चहा नको म्हटल्यावर

"या, बसा. चहा घेता?" साडेचार वर्षांच्या मुलीने माझ्याच खोलीत माझं स्वागत केलं आणि भातुकलीतला कप हातात दिला.

मी भिवंडीतल्या एका बालविकास केंद्रात सायकॉलॉजिस्ट आहे. मुलगी काल्हेरची, सोबत आई आणि आजी. आईची तक्रार अशी, की बालवाडीतून आली की पोर जमिनीवर लोळते, स्वतःचा हात चावते. आजीच्या मते हे सगळे आईचे लाड.

"आमची पोर लय शानी हाय," आजी म्हणाली. "पावन्याला चहा इचारल्याबिगर ऱ्हात न्हाय."

आमचे डॉक्टर सर डोकावले. मुलगी बोलते, खेळते, चहा देते. "ऑटिझम वाटत नाही. लाजाळू असेल. नॉर्मल लिहून टाका." आजीने लगेच पिशवी उचलली. आई मान खाली घालून बसली. कागदावर नॉर्मल आलं, की दोष तिच्या माथी कायमचा बसणार होता आणि पोरीचं हात चावणं तसंच राहणार होतं.

मला रागच आला. ऑटिझमची लक्षणं आपण बहुतेक मुलग्यांवरून शिकलो. गाड्यांची रांग लावणारा, हाक मारली तरी न बघणारा मुलगा चटकन ओळखू येतो. बऱ्याच मुली मात्र आजूबाजूच्यांची हुबेहूब नक्कल करतात आणि नजरेतून सुटतात. म्हणून मुलगी काय खेळते यापेक्षा, समोरचा वेगळं वागला की ती बदलते का, हे बघायचं असतं.

मी पोट धरून म्हटलं, "चहा नको गं, पोट दुखतंय."

"घ्या, लाजू नका," ती म्हणाली. सूर थेट आजीचा. आजी खूश झाली.

"आजी, आता तुम्ही नको म्हणा."

आजी छातीवर हात ठेवून कण्हली. "नको गो बाय, छातीत दुखतंय."

"घ्या, लाजू नका." तेच हसू, तोच सूर. आजीने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

मग मी तिने मांडलेल्या भातुकलीतली एक बशी जराशी सरकवली. पोर किंचाळली आणि हात चावायला लागली. आई धावली. आजी सुनेकडे बघत राहिली आणि पिशवी तिने खाली ठेवली.

सरांना मी बाहेर गाठून सांगितलं, नॉर्मल लिहिणार नाही. सविस्तर तपासणी झाली. ऑटिझमच निघाला. दिवसभर सगळ्यांसारखं वागायची कसरत करून पोर घरी येईस्तोवर पार दमायची. थेरपी सुरू झाली, बालवाडीतही तिला शांत कोपरा मिळाला. हात चावणं पुष्कळ कमी झालंय. सर आता कुठल्याही मुलीच्या फाइलवर सही करण्याआधी विचारतात, "चहा नाकारून बघितलात का?"

परवा आजी सांगत होती, हल्ली पोर पाहुण्यांना या-बसा म्हणत नाही, लोक नावं ठेवतात.

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, पावन्यांना चहा द्यायला मी हाय. माझे पोरीला दमवू नका."