काउबॉय ‘येतो’ म्हणाला

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्येला पिंपळाखाली बसून कैऱ्या खाल्लेली बाई आहे मी!

लग्न होऊन आखातातल्या दुखानला आले तेव्हा हे तेलकंपनीत मेकॅनिक होते. घरात एकच व्हिडिओ कॅसेट – बोलपट नुकते सुरू झाले होते, तेव्हाचा काउबॉय सिनेमा. इतका स्वस्तातला, की घोडा कुठेही निघो, त्याच एका खडकावरून जायचा. मला इंग्रजी शून्य. हे शेजारी बसून सगळे संवाद मराठीत म्हणायचे. शेवटी हिरो घोड्यावर बसला की ठरलेलं – “येतो गंऽऽ, सुमे!” सुमी म्हणजे मी. आणि मी अशी बावळट, की शेजारणीला विचारलं, “अमेरिकेतही सुम्या असतात का हो?”

हे गेले ते झोपेत. रोज ‘येतो’ म्हटल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा माणूस... त्या दिवशी न सांगताच गेला. तो राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता.

परवा शुक्रवारी जेवणं झाल्यावर नातीने, ईराने, तोच सिनेमा लॅपटॉपवर शोधून काढला. ईरा हे गेल्यानंतर जन्मलेली. तिला मी खडकाची गंमत सांगितली होती, बाकी काही नाही. तिचा बाबा आत झोपलेला, म्हणून तिने हेडफोन लावले. मी नुसती चित्रं बघत होते. हिरो घोड्यावर बसला... आणि ईराने हेडफोन काढले.

“आजी, ही इज लीव्हिंग, राइट? देन व्हाय डिड ही से ‘येतो’?”

“काय म्हणाला?”

“येतो गंऽऽ, सुमे. हू इज सुमे?”

तो लांबवलेला ‘गं’... अगदी तसाच! हेडफोन हिसकावून मी तो सीन पुन्हा लावला. इंग्रजी. पुन्हा लावला. इंग्रजीच.

मुलगा उठून आला, म्हणाला, “आई, तूच कधीतरी बोलली असशील.” नाही बोलले. मला सुमे म्हणणारं आता कुणी उरलेलंच नाही.

“आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत गं,” मी ईराला सांगितलं. “‘येतो’ म्हणायचं.”

“अँड व्हॉट डू यू से बॅक?”

हे कसं घडलं, मला अजूनही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. मी मात्र त्या घोड्याच्या पाठीकडे बघून म्हटलं –

“या. आणि अहो, त्याच खडकाभोवती फिरत बसू नका!”